पडून मृत्यू

पाहणीवाली : नाही हो आई, मी पोलीस नाही. ते ‘जिन्यावरून पडली’ लिहून मोकळे झाले. आमचं खातं फक्त मोजतं.

आई : काय मोजतं?

पाहणीवाली : किती बायका, बाई होत्या म्हणून मारल्या गेल्या.

आई : म्हणजे काय? पुरुष काय जिन्यावरून पडत नाहीत?

पाहणीवाली : पडतात ना. सध्या तुमची थोरली त्यांच्यातच मोजलीय. शिडीवरून पडलेले रंगारी, न्हाणीघरात घसरलेले म्हातारे...

आई : मग राहू दे तिथेच. निदान अब्रूनं राहील.

पाहणीवाली : नवऱ्याला सोडून जाणार होती ती?

आई : कोण म्हणालं?

पाहणीवाली : शिलाईच्या कारखान्यात शेजारच्या मशिनवर बसते, ती. तिच्याकडे कपड्यांची पिशवी ठेवली होती थोरलीनं, बाळाच्या दुपट्यासकट. आणि त्याच आठवड्यात पाय घसरला.

आई : होतात असे योगायोग.

पाहणीवाली : मारायचा?

आई : छे! मारकुटा नाहीये जावई. उलट जीव टाकायचा. कामावर सोडायला तो, आणायला तो. शेजारणी जळायच्या.

पाहणीवाली : एकदाही हात नाही उचलला?

आई : हात नाही... एकदा गळा धरला होता. रागाच्या भरात हो. नंतर इथं, तुम्ही बसलाय तिथंच बसून रडला बिचारा.

पाहणीवाली : आई, हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो. गळा धरणारा तिथंच थांबत नाही. फार घरांतून ऐकलंय मी हे.

आई : हळू. जिन्यात कुणीतरी आहे.

(धाकटी आत येते. कडेवर झोपलेलं बाळ.)

धाकटी : आई, माझे उरलेले कपडे दे गं पटकन. तो खाली गाडीत थांबलाय.

आई : ही माझी धाकटी. थोरली गेल्यापासून जावयाकडंच असते, नातवाला सांभाळायला. अगं, वर बोलव की त्याला.

धाकटी : नको. लगेच ये म्हणालाय.

आई : आणि तुझा फोन का लागत नाही?

धाकटी : त्याच्याकडे असतो. पुढच्या महिन्यात लग्न उरकून टाकू म्हणतो.

आई : तुला विचारलं?

धाकटी : सांगितलं.

आई : एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं का लावलीस?

धाकटी : असंच.

आई : इकडं ये. वरचं बटण काढ.

धाकटी : आई, बाळ उठेल...

आई : काढ म्हणते ना.

पाहणीवाली : अरे देवा.

आई : मॅडम, दाराला कडी घाला.

धाकटी : आई, चिडेल तो! बघ, हॉर्न वाजवतोय.

आई : वाजवू दे. मॅडम, कुणाला बोलवायचं त्याला बोलवा. आणि लिहा, पडली नाही माझी पोर. मारली त्यानं.

पाहणीवाली : फोन लावलाय. रिंग जातेय.

धाकटी : आई... हॉर्न थांबला.

आई : तू बाळाला घेऊन आत जा. दाराशी मी बसते.