सनद नसलेला कोट

(जाफराबादच्या कोर्टाचं आवार. कडुलिंबाखाली तिघं : साहेबराव, त्यांची मुलगी अक्षता, आणि साहेबरावांची चुलतबहीण कौसल्या.)

साहेबराव : आगं, घाल की कोट! हातावर टाकून काय उभी राह्यलीस? वाळत घालायचाय का तो?

अक्षता : हळू बोला बाबा. लोक बघून राह्यलेत.

साहेबराव : बघू दे. बघायसाठीच शिवलाय. बसमधी कंडक्टरला सांगितलं, ही माझी पोरगी, वकील झाली. तिकिटं त्यानं बराबर फाडली, पर जागा करून दिली.

कौसल्या : दादा, तुमचं राहू द्या. अक्षू, माझं नाव कधी पुकारतील? दीर फाटकात भेटला. हसून म्हणतो, आज तुझ्या घराला कुलूप घालतो.

अक्षता : कोर्टाची मनाई आहे त्याला.

कौसल्या : ती आजच्या तारखेपर्यंतच. पुढं वाढवून घ्यायची तर वकील बोलाय पायजे ना. म्हणून तर तू.

अक्षता : आत्या, तुझ्या जुन्या वकिलांना फोन लाव. जल्दी लाव.

कौसल्या : कशाला? त्यांच्याकडून कागद काढून आणले म्या. सांगितलं, आता आमच्या घरात वकील झाली. त्यांनी सही करून मोकळं केलं मला.

अक्षता : मला न विचारता?

कौसल्या : तुझ्या बापानंच सांगितलं की!

साहेबराव : मंग! घरची पोरगी सोडून दुसऱ्याच्या मागं कशाला फिरायचं? विहारात सत्कार झाला, सगळं टेंभुर्णी गाव आल्तं. तवा हात जोडून उभी व्हतीस की.

अक्षता : पाय कापत होते माझे.

साहेबराव : आनंदानं.

अक्षता : न्हाई बाबा. भ्यानं.

कौसल्या : काय गं, तोंड पांढरं पडलं तुझं. पाणी पी.

अक्षता : मी वकील न्हाई.

साहेबराव : येडी झालीस का? पास झालीस. गावाला पेढे वाटलेत म्या.

अक्षता : पास झाले. पण त्या कॉलेजला मान्यताच नव्हती. सनदीचा अर्ज वकिलांच्या कौन्सिलनं परत पाठवला. तिथल्या पदवीवर सनद मिळत न्हाई. सनद न्हाई, तर हा कोट न्हाई. आत उभी राह्यले अन् समोरच्या वकिलानं सनदीचा नंबर विचारला, तर गुन्हा माझ्यावरच.

साहेबराव : कधी कळलं?

अक्षता : सत्काराच्या आदल्या दिवशी.

साहेबराव : अन् तू गप?

अक्षता : तुम्ही स्टुलावर चढून दारावर माझ्या नावाची पाटी ठोकत होता.

साहेबराव : फळा व्हता तिथं. मास्तर व्हते. भिंतीवर कोटवाल्यांचे फोटो व्हते. म्या सोता बघून आल्तो. मान्यता हाय का, हे इचारायचं मला कुठून सुचावं?

अक्षता : मलाबी न्हाई सुचलं.

कौसल्या : बापलेकीचं घरी जाऊन बोला! माझं काय? आत कुणीच न्हाई गेलं तर?

अक्षता : तर मनाई उठेल.

कौसल्या : म्हंजी कुलूप. मंग घाल तो कोट! आजच्या दिवस घाल. पाया पडते तुझ्या.

अक्षता : आत्या, उठ. उठ आधी. मी खोटी उभी राह्यले अन् उघडं पडलं, तर दीर म्हणेल, हिचं सगळंच खोटं. मंग तुझं घर कशानं वाचवू? तूच आत जा. आपल्या केसात आपल्याला बोलता येतं.

कौसल्या : म्या? माझं सरपंचापुढं तोंड उघडत न्हाई, अन् जजसाहेबापुढं?

अक्षता : एवढंच म्हणायचं : साहेब, मला वकील न्हाई. मोफत वकील द्या, अन् तो येईपर्यंत मनाई चालू ठेवा. बाईमाणसाला तो मिळतोच, कमाई विचारत न्हाईत. म्हण बरं.

कौसल्या : साहेब, मला वकील न्हाई. मला... पुढचं गेलं.

अक्षता : मोफत वकील द्या.

कौसल्या : मोफत वकील द्या. मनाई चालू ठेवा.

साहेबराव : अन् तू गं? तुझं काय पुढं?

अक्षता : सनद पायजे तर मान्यतेच्या कॉलेजात पुन्हा पहिल्या वर्षापासून. तोवर एखाद्या वकिलाच्या हाताखाली कागद तयार करीन. कंपन्या करार तपासायला माणसं घेतात, तिथंबी बघीन. मोफत वकील देणाऱ्या इथल्या विधी सेवेत लोकांना वाट दाखवायला स्वयंसेवक लागतात, त्याला सनद लागत न्हाई.

साहेबराव : म्हंजी मुन्शी.

अक्षता : मुन्शी तर मुन्शी. खरी तर राहीन.

साहेबराव : अन् पाटी?

अक्षता : आज घरी गेल्यावर काढते.

साहेबराव : तू नको चढू. म्या ठोकली, म्याच काढीन. दे तो कोट इकडं. टोक धुळीत लोळून राह्यलंय त्याचं.

कौसल्या : अगं बाई! माझंच नाव पुकारलं!

अक्षता : चल, मी येते दारापर्यंत. आत लोकांच्या बाकावर बसते.

कौसल्या : बस. पर मला दिसशील, अशी बस.