पेटीतलं मृत्युपत्र

हसू नका, पन आमच्या नाटक कंपनीची टॅक्सची कागदं मीच लावतो. सीझनभर वडशाले, कंपनीच्या हापिसात, बिलं जमा करतो अन् एका लोखंडी पेटीत टाकतो. औंदा मार्च आला तशी पेटी उचलली अन् टॅक्सवाल्या वकीलसाहेबाकडे नेली.

साहेबानं पहिलाच कागद काढला अन् माह्याकडे पाहतच राह्यले.

"भाऊ, हे दवाखान्याचं बिल. तीन गोळ्या काढल्या म्हनते. कोनाले लागल्या?"

"कोनालेच नाई जी."

"अन् हे मृत्युपत्र? मेलं कोन?"

मले काहीच समजून नाई राह्यलं. त्याच्याखाली निघाला घटस्फोटाचा कागद, अन् त्याच्यावर सही आमच्या हिरॉइनची! तिचं तं लग्नच झालं नाई अजून.

"भाऊ, तुमची कंपनी करते तरी काय?"

तवा कुठी माह्या डोक्यात ट्यूब पेटली. ही पेटी स्टेजच्या सामानाची होती! दोन्ही पेट्या दिसाले एकसारख्याच. तिथूनच हिरोले फोन लावला.

"अरे, कालच्या प्रयोगात मृत्युपत्र कोनतं फाडलं तू?"

"पेटीत होतं तेच. शिक्काबिक्का असलेलं. पब्लिक ढसाढसा रडली नं भाऊ!"

"अबे, ते मंडपाचं बिल होतं! आता बाकीच्याले हात नको लावू."

 तिकून तो हळूच म्हनते, "भाऊ, त्या सीनले वन्स मोअर भेटला. दुसऱ्यांदा फाडाले जनरेटरचं घेतलं."