साठवरचा काटा

ताई: डावीकडच्या कप्प्यात बघ. चष्मा तिथंच ठेवतात ते.

मिस्त्री: बघतो. ताई, तू केबिनमध्ये चढू नकोस, मी सगळं खाली काढून देतो.

ताई: का? नवऱ्याच्या ट्रकला मी घाबरते की काय? पोलिसांनी धुऊन परत दिलीय ना?

मिस्त्री: त्यांनी नाही. सकाळी मी धुतली.

ताई: बरं केलंस.

मिस्त्री: हा घे चष्मा. हा कंगवा. थर्मास फुटलाय, टाकून देऊ?

ताई: दे इकडं. टाकून काय देतोस! उद्या चष्म्यावाचून अडलं असतं. कागद वाचून सही करायचीय त्यांना.

मिस्त्री: कसला कागद?

ताई: कबुलीचा. झाले बाबा एकदाचे तयार. गाडी वेगात होती, माझ्या चुकीनं बाई गेली, असं लिहून देणार. वकील म्हणतात, कबूल केलं तर दोन वर्षांवर निभावेल, हट्ट धरला तर पाच.

मिस्त्री: भाऊजी स्वतःहून तयार झाले?

ताई: स्वतःहून कसले? तीन भेटी डोकं फोडलं मी. काल तुरुंगाच्या जाळीपलीकडून म्हणतात कसे, "तुझी शपथ, काटा साठवरच होता." मला असा संताप आला! म्हटलं, हद्द साठची, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा सहासष्ट सांगतायत, आणि तुम्ही मेलेल्या बाईच्या नावावर खोटं रेटताय? सरळ कबूल करा आणि मोकळे व्हा.

मिस्त्री: मग?

ताई: मग जाळीवरचा हात काढून घेतला. शेवटी म्हणाले, "तुलाही खोटं वाटतंय ना? मग आण तो कागद." ...तू कुठं निघालास?

मिस्त्री: काही नाही. पाणी पिऊन येतो.

ताई: जेवला नसशील. आणि हे काय, स्टिअरिंगखाली वायर कसली लोंबतेय?

मिस्त्री: लॅपटॉप जोडलाय. या गाड्यांमध्ये कॉम्प्युटर असतो. चाक किती वेळा फिरलं ते मोजतो आणि त्यावरून वेगाचा काटा हलवतो. नवा ड्रायव्हर पाच वाजता येतोय. मालक म्हणाले, त्याच्या आधी सगळं नीट करून ठेव.

ताई: नीट म्हणजे काय? बिघडलंय काय?

मिस्त्री: बिघडलं नाही. टायरचं माप भरायचं राहिलंय.

ताई: कुठल्या टायरचं? हे मोठे टायर तर तूच बसवलेस ना? अपघाताच्या आधी दहा-बारा दिवस.

मिस्त्री: अकरा.

ताई: मग माप आज कसं राहिलं?

मिस्त्री: ताई, उन्हं उतरायच्या आत तू घरी जा. मला काम आहे.

ताई: बाळ्या, पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय मी. गिऱ्हाईक जाडजूड झालं आणि मी जुन्याच मापानं कापड कापलं तर काय होतं, मला कळतं. इथं काय होतं ते सांग.

मिस्त्री: थोडा फरक पडतो.

ताई: थोडा हा शब्द माझ्यापुढं नको. किती?

मिस्त्री: मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं. कॉम्प्युटरला ते ठाऊक नसतं. तो लहान चाकाचाच हिशेब धरतो. म्हणजे गाडी पळते जास्त आणि काटा दाखवतो कमी.

ताई: किती विचारलं मी. टेप कुठंय?

मिस्त्री: टेपची गरज नाही, मला पाठ आहे.

ताई: तुझ्या पाठांतरावर विश्वास नाही माझा. टेप काढ.

मिस्त्री: तो बघ, तुझ्या पायापाशी खडूचा पट्टा आहे. आणि दुसरा तिकडं, ड्रमजवळ. सकाळी टायरवर खूण करून गाडी एक फेरी ढकलली. मी माप चुकवलं नव्हतं गं. तेव्हाही तेच आलं होतं.

ताई: टोक धर. नीट, पट्ट्यावर धर. तीनशे छत्तीस सेंटिमीटर.

मिस्त्री: हो.

ताई: आणि गाडीत काय आहे? वळव तो लॅपटॉप माझ्याकडं.

मिस्त्री: तीनशे पाच.

ताई: काटा साठ दाखवतो तेव्हा खरा वेग किती?

मिस्त्री: ताई...

ताई: तोंडानं सांग.

मिस्त्री: सहासष्ट.

(मिस्त्रीचा फोन वाजतो.)

मिस्त्री: हो मालक... हो, जोडलंय... होईल पाचपर्यंत... नाही नाही, इथं कुणी नाही.

ताई: बरंय. मी कुणी नाही.

मिस्त्री: तसं नाही गं.

ताई: त्यांना हे माहितीय?

मिस्त्री: मीच सांगितलं. गाडी सुटून आली, लॅपटॉप लावला आणि जुना आकडा दिसला. मालक म्हणाले, गुपचूप नवा आकडा भर, कुणाच्या बापाला कळणार नाही. माझी गाडी वाचेल आणि तुझं गॅरेजही.

ताई: आणि माझा नवरा?

मिस्त्री: त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

ताई: तू बोललास?

मिस्त्री: नाही.

ताई: टायर बसवलेस, माप घेतलंस. मग भरलं का नाहीस? विसरलास?

मिस्त्री: विसरलो असतो तर परवडलं असतं. मी आकडा भरला होता. पण भरल्यावर लॅपटॉप जोडलेला असतानाच चावी बंद करून अर्धा मिनिट थांबावं लागतं, तेव्हा कुठं कॉम्प्युटर तो घेतो. त्या दिवशी बॅटरी बसली होती. दुसऱ्या ट्रकवरून वायर लावून गाडी चालू केली आणि तो ट्रक निघून गेला. चावी बंद केली असती तर इंजिन परत उठलं नसतं. म्हटलं, पुढच्या खेपेला करू. सहा किलोमीटरनं काय आभाळ कोसळतंय?

ताई: आणि यांना सांगितलंस तसं?

मिस्त्री: भाऊजींनी निघताना खिडकीतून डोकं काढून विचारलं. "बाळ्या, काटा बरोबर आहे ना? लोक मोठे टायर लावले की काटा चुकतो म्हणतात."

ताई: आणि तू काय म्हणालास?

मिस्त्री: म्हटलं, एकदम बरोबर. डोळे झाकून जा.

ताई: अरे देवा.

मिस्त्री: ज्या माणसानं मला बोटाला धरून या धंद्यात आणलं, त्याला म्हटलं मी हे. मार मला ताई, पण अशी बघू नकोस.

ताई: ते सहा किलोमीटर नसते तर ती बाई वाचली असती?

मिस्त्री: नको विचारूस.

ताई: वाचली असती का?

मिस्त्री: गाडी तिच्या सायकलच्या पुढं चार हात जाऊन थांबली. साठनं असती तर अलीकडंच थांबली असती. मी हिशेब केलाय. सकाळपासून करतोय. प्रत्येक वेळी तेच उत्तर येतं.

ताई: मी तिच्या घरी गेले होते, माहितीय तुला? पांढऱ्या बुटांतली नर्स, ड्युटी संपवून घरी चाललेली. तिच्या आईपुढं हात जोडले. म्हटलं, माझ्या नवऱ्यानं पाप केलं, मी त्यांच्या वतीनं माफी मागते. त्या माउलीनं तोंडावर दार लावलं. ते मी निमूट सोसलं. नवऱ्याचं पाप म्हणून सोसलं रे. आणि इतके दिवस तू माझ्या घरी येऊन माझ्या हातचं जेवत होतास.

मिस्त्री: तेव्हा मला खात्री नव्हती.

ताई: शंका होती ना?

मिस्त्री: होती.

ताई: मग पोलिसांना सांगायचं होतंस. मला सांगायचं होतंस. मी त्यांना खोटारडा म्हटलं बाळ्या. जाळीला तोंड लावून, सगळ्यांसमोर.

मिस्त्री: मी सांगितलं तर मला आत घेतील. माझी पोरगी आत्ता कुठं शाळेत जायला लागलीय.

ताई: तिला मी बघेन. तुला बघितलं तशीच. वायर सोडव.

मिस्त्री: मालक पाच वाजता...

ताई: मालक गेला खड्ड्यात. आकडा आहे तसा राहू दे. तीनशे पाच. तू किंवा मालक, दोघांपैकी कुणी हात लावायचा नाही. त्या पट्ट्यांवर घमेली पालथी घाल, कुणाचा पाय पडायला नको.

मिस्त्री: घातली. ही बघ, सोडवली वायर.

ताई: आता चावी दे.

मिस्त्री: गाडीची? मालक माझा जीव घेतील.

ताई: घेऊ देत. आण इकडं. आता कागद घे. तू आत्ता मला जे बोललास ते सगळं लिही. बॅटरी, अर्धा मिनिट, खिडकीतून काय विचारलं, तू काय उत्तर दिलंस, सगळं. खाली स्वतःचं पूर्ण नाव. आणि तो घेऊन तडक वकिलाकडं जा.

मिस्त्री: भाऊजी सुटतील यानं?

ताई: मला काय माहीत! ती पोर तर काही परत येत नाही. पण उद्याच्या त्या कागदावर ते सही करणार नाहीत.

मिस्त्री: मी आधी तुझ्याबरोबर येतो. त्यांचे पाय धरतो.

ताई: तुझी पाळी नंतर. भेटीची वेळ चारपर्यंत आहे, मला निघू दे.

मिस्त्री: चष्मा राहिला की इथंच. सही करायची नाही, तर आता कशाला लागतोय म्हणा.

ताई: दे तो. डोळ्यांवर चष्मा असला की त्यांना माझं तोंड नीट दिसेल. मला त्यांना सांगायचंय, काटा साठवरच होता.