दुसऱ्या खेळाडूची वायर

विजेच्या सामानाच्या दुकानात रांग हलत नव्हती. इस्त्रीची जळकी वायर बदलायला आलेल्या शिंपीणबाईंचे हात जड इस्त्री धरण्यात गुंतलेले होते, कान मात्र मोकळे होते. त्यांच्या पुढे दोघे भाऊ उभे होते. वडलांचं बोलिंगचं, म्हणजे चेंडू घरंगळवून खुंट्या पाडायच्या खेळाचं, जुनं मशीन दुरुस्त करायला त्यांना गुणफलकाचे बारीक दिवे हवे होते. थोरल्याच्या हातात तांबड्या वायरीचे दोन तुकडे होते.

"दादा, मशीन चालत होतं. ही कशाला उपटलीस?"

"वायरिंगच्या मूळ नकाशात ती नाहीच. बाबांनी मागाहून जोडलेली. तिच्यामुळे दुसऱ्या खेळाडूच्या प्रत्येक चेंडूला दहा गुण जादा पडायचे."

"आई नेहमी दुसरी खेळायची."

"म्हणून तर जिंकायची. लबाडी नुसती. मशीन होतं तसंच करायचं."

"उद्या तिने सगळ्या बहिणींना खेळायला बोलावलंय. हरली तर महिनाभर तोंड फुगवून बसेल."

"बसू दे. खोटं जिंकण्यापेक्षा बरं."

"बरं. आणि शाळेत असताना तू मला रोज हरवायचास, ते?"

"ते कसब होतं."

"कितवा खेळायचास तू?"

"धाकट्याला आधी खेळू द्यावं, म्हणून मी..."

"दुसरा."

रांग एकदाची पुढे सरकली.

"बोला, काय देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"दिवे नंतर बघू. आधी अशी तांबडी वायर द्या," थोरला म्हणाला. "जरा जाडच द्या. वडलांच्या हातची जोडणी आहे हो, मोडून कसं चालेल?"