खिंडीतला चौथा चहा

मंडळी, ऐका! या अवघ्या ब्रह्मांडात सूर्य कुणासाठी थांबत नाही. चंद्र थांबत नाही. वारा थांबत नाही, नदी थांबत नाही, काळ तर नाहीच नाही! मागे राहिलेल्यासाठी थांबावं, त्याची वाट बघावी, ही बुद्धी देवाने एकट्या माणसाला दिली — आणि म्हणून माणूस हा सगळ्या सृष्टीत —

तात्या, कुठे निघालात?

अच्छा. जाऊन या, जाऊन या. सावकाश जा, आम्ही थांबतो.

गेले का? हं. तर पुढे.

आजचा प्रश्न साधा आहे. वाट बघणं हे पुण्य आहे की नाही? आहे म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बघा, सगळेच! पुढच्या रांगेत सरपंचांनी तर दोन्ही केले. ठेवा खाली. हे पुण्य दर रविवारी करणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो. यात राजा नाही, राक्षस नाही, ऋषींचा शाप नाही. चार सायकली आहेत आणि एक घाट आहे. शेजारच्या तालुक्यातलं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथेही मला कीर्तनाला बोलावतात.

त्या गावात आप्पा नलवडे म्हणून गृहस्थ. वय अठ्ठावन्न. पाटबंधारे खात्यात होते. जन्मभर ठरलेल्या मिनिटाला कालव्याचं पाणी सोडलं, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच सुटले! स्वस्थ बसणं नाही. जेवताना टेबलाखाली पाय फिरताहेत — पॅडल मारल्यासारखे. समोर सुनंदाकाकू आमटीची वाटी धरून बसलेल्या, कारण टेबल हलतंय. का? तर जानेवारीत पंचघाट सायकल मोहीम आहे. एका दिवसात पाच घाट, सकाळी सहाला निघायचं आणि दुपारी चारच्या आत परत यायचं. चौघांचा एक गट. आणि नियम काय? तर गटाची वेळ धरायची ती चौथ्याची! तिघं विमानाने आले तरी उपयोग नाही, चौथं चाक रेघ ओलांडेल तेव्हा घड्याळ बंद.

आता असा नियम ज्याने केला तो माणूस एक तर संत असला पाहिजे, नाही तर कधी काळी चौथा आलेला असला पाहिजे.

आप्पांच्या गटात दुसरे दातांचे डॉक्टर उपळेकर. तिसरे आतार सर, हायस्कुलात खेळाचे शिक्षक. आणि चौथ्या शिंगटे सिस्टर. सरकारी दवाखान्यातल्या नर्स. वय एक्कावन्न. सव्वीस वर्षं लशीची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून वाड्यावस्त्या फिरल्या. पण सगळ्या घाटाच्या पायथ्याच्या! वरच्या वाड्या दुसऱ्या केंद्राकडे. म्हणजे सव्वीस वर्षं बाई डोंगराच्या बुडाशी यायची, मान वर करून रस्ता बघायची आणि मागे फिरायची. पुढच्या मार्चमध्ये एका गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. त्याआधी एकदा, एकदाच, पाचही घाट आपल्या पायांनी चढायचे, एवढं तिचं मागणं. देवाकडे नव्हे. आप्पांकडे! देव परवडला असता.

तयारी सुरू झाली, मंडळी. काय वर्णावी! आप्पांनी काटा आणला, कोथिंबीर मोजायचा. त्यावर सगळं सामान मोजलं. दात घासायच्या ब्रशची दांडी कापली — का, तर चार ग्रॅम वाचतात. एका दिवसाच्या मोहिमेत ब्रश कशाला, हे विचारायचं नाही. केळी घरून सोलून न्यायची ठरली, कारण सालीला वजन असतं. आप्पांच्या पोटाला किती वजन असतं याचा वहीत उल्लेख नाही.

आणि सिस्टरनी काय केलं? नव्या गिअरच्या सायकलला जुनं कॅरिअर बसवून आणलं! आप्पा हादरले. नऊशे ग्रॅम लोखंड! काढा म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, मागे काही नसलं की मला तोल गेल्यासारखं वाटतं. सव्वीस वर्षांची सवय. आप्पांनी वहीत नोंद केली.

सराव ठरला पिंपळखिंडीत. एकाच घाटाच्या तीन खेपा — चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. दर रविवारी. वर खिंडीत बायडाबाईची चहाची टपरी आणि एक बाकडं. तिघं पुढे चढून जायचे आणि तिथे सिस्टरची वाट बघायचे. बघा हं, सोडून जायचे नाहीत! टाकून गेले, असं कुणाच्याने म्हणवणार नाही. बाकड्यावर बसायचे, हेल्मेट काढायचे, तीन चहा व्हायचे. डॉक्टर आतार सरांची दाढ बघायचे. दहा-बारा मिनिटं गेली की वळणावर पिवळं हेल्मेट दिसायचं. की आप्पा उठलेच — आल्या बघा, चला! शिट्टी! आणि तिघं उतारावर.

सिस्टर वर पोचलेल्या. छातीचा भाता हलतोय, घाम डोळ्यांत, आणि समोर तीन पाठी. एक पाय जमिनीला टेकवून पाण्याचे दोन घोट घ्यायच्या आणि त्यांच्या मागे निघायच्या.

पेटीवाले, जरा सूर धरा. एवढा रडका नको हो, अजून कुणी गेलेलं नाही.

आता नीट बघा. पुढचे तिघं दमले किती? थोडे. बसले किती? बारा मिनिटं. मागची बाई दमली किती? सगळ्यांत जास्त. बसली किती? शून्य! दुसऱ्या खेपेला ती वीस मिनिटं मागे. म्हणजे ह्यांना बसायला वीस मिनिटं! तिसऱ्या खेपेला पस्तीस. तिघांनी भजीसुद्धा खाल्ली. जो दमेल त्याने बसायचं नाही, आणि जो बसला आहे त्याने आणखी बसायचं — आणि याला आम्ही नाव काय दिलं? वाट बघणं!

ती बोलली का नाही, असं मधल्या रांगेतल्या ताई विचारताहेत. ताई, ती काय बोलणार? आपल्यासाठी लोक अर्धा तास खोळंबले, वर आपण आणखी बसू द्या म्हणायचं? तोंड उघडवत नाही. आणि ह्या तिघांच्या मनात तरी पाप होतं का? तिळभर नाही. ते आपले पुण्याचा साठा करत होते.

असे पाच रविवार गेले. पाचव्या रविवारी तिन्ही खेपांना चार तास चाळीस मिनिटं लागली. आप्पांच्या वहीप्रमाणे सरावात साडेचार तासांच्या वर एक मिनिट लागलं तरी मोहिमेत गट बाद. म्हणून सहाव्या रविवारी तिसऱ्या खेपेला बाकड्यावर बसून आप्पांनी निकाल सांगितला. आज सिस्टरना नाही म्हणायचं. त्यांच्या जागी आपला पुतण्या रणजित, वय चोवीस, रोज व्यायामशाळेत जातो, तयार आहे. डॉक्टर कपात बघत राहिले. आतार सरांनी विचारलं, सांगणार कोण? आप्पा म्हणाले, मी. धरणाचे दरवाजे बंद करायची त्यांना सवय होती.

इतक्यात वळणावर पिवळं हेल्मेट! तिघं सवयीने उठले. आणि किटलीतून चहा गाळता गाळता बायडाबाईने मान वर न करता विचारलं, "आप्पा, योक इचारू का? त्या बाईचं आन् तुमचं भांडान काय हाय?"

आप्पा म्हणाले, "भांडण कुठलं? आमच्यातल्याच आहेत त्या."

"तुमच्यातल्या? आवं, मग ती वळणावर दिसली की तुमी उठून पळताय कशापायी? सा आयतवार बगतीया मी. मला वाटलं, ती तुमास्नी गाठाय बगतीया आन् तुमी तिला चुकवताय."

आप्पा हसले. एकटेच हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच हसतोय. कसनुसे होऊन म्हणाले, बरं, त्यांचाही एक चहा टाका, नेहमी देता तसा.

बायडाबाई म्हणाली, "न्हेमी? ती बसली कवा, तिला च्या द्यायला?"

थांबतो मंडळी क्षणभर. हे वाक्य एका चहावालीचं आहे. बारा वर्षं पोथ्या वाचून मला असं एक सुचलेलं नाही.

सिस्टर आल्या. एक पाय खाली टेकवला. सीटवरून उतरल्या नाहीत — उतरण्यात अर्थ नाही हे पायांना पाठ झालेलं. धापेतच म्हणाल्या, निघायचं ना? आप्पांच्या तोंडात ते वाक्य तयार होतं, घरी आरशासमोर तीनदा म्हणून बघितलेलं. रणजितचं नाव त्यात सुरुवातीलाच होतं. पण ते काही बाहेर येईना. बाहेर आलं ते निराळंच. आप्पा म्हणाले, "सिस्टर, बसा."

सिस्टर बसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आप्पा, मी सव्वीस वर्षं लोकांना वाईट बातमी सांगायच्या आधी बसायला सांगते. जे असेल ते उभ्यानंच सांगा."

आहे की नाही, मंडळी? ज्या माणसाला कधीच कुणी बस म्हटलेलं नाही, त्याला एकदा म्हणून बघा. तो घाबरतो!

आप्पांनी खाली बघितलं. म्हणाले, "बातमी नाही. चहा आहे."

मग सिस्टरनी सायकल टपरीच्या बांबूला टेकवली आणि बाकड्यावर बसल्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. बूट काढले. कॅरिअरच्या पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली, चौघांना वाटली. दर रविवारी आणत होत्या! वाटायला माणसं जागेवर सापडत नव्हती, म्हणून परत नेत होत्या.

आणि आप्पा? काय अवस्था सांगू! जन्मठेप परवडली. बुटाची नाडी सोडून बांधली. टम्म फुगलेल्या चाकात हवा मारली. मैलाच्या दगडापर्यंत जाऊन आले. तोंडाशी शिट्टी नेली, खाली घेतली. सहाव्या मिनिटाला अगदी मऊ आवाजात विचारलं, निघू या का? सिस्टर म्हणाल्या, आणखी अर्धा घेते. आप्पा पुन्हा मैलाचा दगड वाचायला गेले. त्यावर लिहिलेलं काही बदललं नव्हतं.

पण परत आले तेव्हा गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी सिस्टरच्या हातात दिली. ठरलं ते असं की जो शेवटी पोचेल, तो सांगेल तेव्हा निघायचं. आणि पुढच्या रविवारी शेवटची परीक्षा. साडेचार तास म्हणजे साडेचार. त्यात आप्पा एक मिनिट सोडणार नव्हते.

आला रविवार! पहिल्या खेपेला सिस्टर बारा मिनिटं मागे. दहा मिनिटं बसल्या, शिट्टी. दुसऱ्या खेपेला वीस नव्हे — चौदा! बसल्या, शिट्टी. तिसऱ्या खेपेला आप्पा घड्याळ हातात घेऊन टपरीसमोर येरझारा घालताहेत, डॉक्टर स्वतःचीच दाढ चाचपताहेत, आतार सर वळणापर्यंत धावत जाऊन परत येताहेत. पस्तीस नव्हे, तेराव्या मिनिटाला पिवळं हेल्मेट! बाईने दोनदा दहा-दहा मिनिटं बसून घेतलं, आणि तरी गट पूर्वीपेक्षा अख्खी आठ मिनिटं लवकर आला.

चार तास बत्तीस मिनिटं.

हो. दोन मिनिटं जास्त. अशा ठिकाणी वर बसलेल्याने खरं तर लक्ष घालायला हवं, पण तो त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या घाटात असावा. सिस्टरनी आपल्या मनगटाकडे बघितलं आणि हात खाली घेतला. आप्पा आपल्या घड्याळाकडे बघत होते. त्या घड्याळावर तालुक्याने एकतीस वर्षं आपली घड्याळं लावली होती. आप्पांनी ते काढलं, कानाशी धरलं आणि म्हणाले, "माझं दोन मिनिटं पुढे आहे."

सव्वीस वर्षं नाडी मोजणारी बाई ती! तिच्या घड्याळाचा सेकंदसुद्धा चुकत नव्हता. ती बायडाबाईला म्हणाली, चार टाका.

मोहिमेत काय झालं? एक्केचाळीस गट होते. आप्पांचा सदतिसावा आला. चारला दहा मिनिटं कमी असताना चौथ्या चाकाने रेघ ओलांडली. पाचही घाट, चौघं जण. चौथं चाक कुणाचं होतं ते मी सांगणार नाही. आप्पा माझ्या ओळखीचे आहेत आणि पाटबंधारे खात्यातली माणसं डूख धरतात.

हसा, हसा. आता मी तुमच्याकडे वळतो.

तुम्ही म्हाताऱ्या वडिलांना घेऊन बाजारात जाता. चार पावलं पुढे जाऊन कोपऱ्यावर उभे राहता. थांबलोय ना, म्हणता. ते काठी टेकत तुमच्यापर्यंत पोचतात, भिंतीला हात लावतात, आणि तुम्ही चालू लागता. ते त्या कोपऱ्यावर किती वेळ थांबले? बोला ना! आणि घरी? भाकऱ्या थापणारी शेवटी पानावर बसते. तू आल्याशिवाय उठणार नाही म्हणून तुम्ही हात वाळवत बसलेले असता. काय प्रेम! ती बसली, पहिला घास मोडला, की सगळी पंगत उठली. आलीस ना, चला. तिच्यासमोर आता फक्त उष्टी ताटं आहेत. आणि आपण जाऊन आडवे पडतो, कारण वाट बघून दमलेलो असतो!

बाबांनो, मागचा माणूस आपल्यापर्यंत पोचला की आपलं थांबणं संपतं, पण त्याचं तेव्हा कुठे सुरू व्हायचं असतं. तेवढा वेळ त्याच्याशेजारी बूड टेकून बसायचं. घड्याळ खिशात ठेवायचं. तो म्हणेल तेव्हा उठायचं. देवापाशी आज एवढंच मागू या, की आमच्या बुडाखालचा हा विस्तव जरा शांत कर, आणि आम्हाला दुसऱ्याचा श्वास खाली बसेपर्यंत बसता येऊ दे.

उभे राहा सगळे. निरांजन पेटवा. आणि एक छोटी विनंती — आरती जरा भरभर म्हणा. माझी सव्वासातची एसटी आहे. मधलं एखादं कडवं गाळलंत तरी चालेल.