गाढवाचा पत्ता

ताई : जनावरांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर मुख्य डॉक्टरांच्या फोटोच्या जागी गाढव आहे, आणि तू मला विचारतोस काय झालं म्हणून?

धाकटा : तू लावलंस?

ताई : मीच. कोड तपासणारी आहे मी, मला याचाच पगार मिळतो.

धाकटा : अगं, डॉक्टर जिना चढतायत! आज त्यांनी साइटला नकार दिला तर साहेब मला काढणार. मग बसतो मामाच्या दुकानात बरण्यांना झाकणं लावत.

ताई : म्हणून तर आधी मी घुसले. चोर आला असता तर गाढव ठेवून गेला नसता.

धाकटा : पण घुसलीस कुठून? फोटो जिथून आणायचा त्या पत्त्याची सुरुवात आपल्या फोटो-भांडाराच्या नावाने नसेल तर माझा कोड हाकलून देतो.

ताई : सुरुवात आपल्याच नावाने केली. मग @ टाकला आणि पुढे माझ्या मशीनचा पत्ता. @च्या आधी असतं ते जाणाऱ्याचं नाव, घर असतं @च्या पुढे. तुझ्या कोडने नाव वाचूनच सलाम ठोकला. सर्व्हर मुकाट्याने माझ्या घरी आला आणि गाढव घेऊन गेला.

धाकटा : आला होता @ माझ्या मनात. पण म्हटलं, इतकं आचरट कोण असणार?

ताई : घरात बघायचंस. पत्ता उकलायचं तयार साधन असतं की, ते का नाही वापरलंस?

धाकटा : तीनशे ओळी आहेत माझ्या. एकेक हाताने लिहिलीय.

ताई : हाताने लिहिलीस ते दिसतंच आहे. डोकं कुठे होतं?

(डॉक्टर दार ढकलून आत येतात आणि थेट पडद्यासमोर उभे राहतात.)

डॉक्टर : याचा डावा कान बघितलात?

धाकटा : माफ करा डॉक्टर, ते चुकून तुमच्या जागी...

डॉक्टर : माझं राहू द्या, कानाचं बोला. गोचीड आहे.

ताई : डॉक्टर, खरं सांगते. याच्या कोडला भोक आहे.

धाकटा : ताई!

ताई : कुणीही आपल्या सर्व्हरला हवं तिथे पिटाळू शकतो. तुमच्या नोंदी ठेवल्यात त्या आतल्या मशीनवरसुद्धा.

डॉक्टर : म्हणजे गळ्यातल्या पट्ट्यावर ‘मोती’ लिहिलंय म्हणून लांडग्याला आत घेतलं.

धाकटा : ...हो.

डॉक्टर : परवा माझ्याकडेही एक आला होता तसा. असो. उपाय?

ताई : पत्ता तयार साधनाने एकदाच उकलायचा. त्यातून घराचं नाव वेगळं काढायचं. ते आपल्या नावाशी पूर्ण जुळलं तरच निघायचं, आणि जायचंही त्याच उकललेल्या पत्त्यावर. जेवणाआधी होईल.

डॉक्टर : मग साहेबांना माझा होकार कळवा. स्वतःचं दुखणं लपवत नाहीत ती माणसं मला चालतात. आणि याच्या जुन्या कोडचं काय?

धाकटा : माझ्या तीनशे ओळी आहेत त्या. थोडी डागडुजी केली तर... वाचतील ना, डॉक्टर?

डॉक्टर : वय?

धाकटा : पाच महिने.

डॉक्टर : खाणंपिणं?

धाकटा : उत्तम. काहीही दिलं तरी खातात.

ताई : तेच तर दुखणं आहे.

डॉक्टर : बसा. मालकांना मी खोटा धीर देत नाही. आज इथे टाका घालाल, उद्या दुसरीकडून वाहील. किती दिवस हाल करायचे?

धाकटा : मी बाहेर थांबू का?

डॉक्टर : नको. बाहेर थांबणारे पुढे वर्षानुवर्षं फोन करून विचारतात, त्रास तर नाही ना झाला. जवळ बसा. हात ठेवा.

धाकटा : कीबोर्डवर?

डॉक्टर : जिथे पोचेल तिथे.

धाकटा : ताई, पुसायचं बटण तू दाब ना.

ताई : तुझ्या आहेत त्या, बाळ्या. तूच दाब. मी आहे इथे.