शंभर ते एकशे दहा

— अहो मॅडम, महिनाभर रोज सकाळी शंभर ते एकशे दहा, यात संशय घेण्यासारखं काय आहे? कंपनीच्या डॉक्टर तुम्ही, तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे. ‘विलासराव, साखरेची इतकी सरळ रेघ कुणाची नसते’ म्हणे — का नसते? बावीस वर्षं चाकणला क्वालिटीत आहे मी, ब्रेकचे पार्ट तपासतो, मला सरळ रेघच लागते. तुम्ही फिट लिहा, सही करा, मी लायनीवर जातो. नाही केलीत तर गेज काढून घेतील हातातला आणि गोडाउनात बसवतील, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. या वयात.

बाकीचे आकडे? आहेत ना, घरी आहेत. लाल डब्यात. खराब पीस लाल डब्यात जातो, रिपोर्टात जात नाही — साधी पद्धत आहे. बोट टोचायचं, एकशे पंच्याऐंशी आलं की चिठ्ठी डब्यात, निगडीचे आमचे चार मजले उतरून चढायचे, पुन्हा टोचायचं. एकदा अकरा वेळा टोचलं. अकराव्याला ओके आलंच ना?

माझा राग आहे तो पहाटेवर. झोपताना एकशे तीस, मधे एक घास नाही, आणि उठलो की एकशे सत्तर. वरची चाळीस आली कुठून? मला वाटलं प्रभावती — आमच्या मिसेस — झोपेत भरवते. किचनला कुलूप लावलं, किल्ली उशीखाली. तरी एकशे बहात्तर. मग रीतसर लेखी खुलासा मागितला तिच्याकडं. तिनं त्याच कागदावर लिहून दिलं — ‘जागेपणी माझं ऐकून तोंड बंद करत नाही, झोपेत माझं ऐकून उघडाल?’

आणि तुम्ही म्हणता पहाटे लिव्हर आपणहून साखर सोडतं. कुणाला विचारून? माझ्या अंगात माझ्या सहीशिवाय माल निघतो? मग मी रात्रीची गोळी डबल केली. हो, दोन — तुम्ही एकच लिहिलीय, माहितीये. नाश्ताही बंद केला, रेघ वर जाते त्यानं. पण आलं ना शंभर?

घाम? येतो की, शेडमध्ये सगळ्यांनाच येतो. हात थरथरतात, अकराच्या सुमाराला, थोडेसेच. बुधवारी तर गेजला दोन काटे दिसायला लागले — मी मधला आकडा धरला. शेजारच्या लायनीवरच्या सुजितनं साखरेचं पाणी पाजलं, म्हणाला, भाऊ, तासभर तुम्ही पीसकडं न बघताच शिक्के मारताय. माझ्याच मशीनवर त्यानं आधी मोजली होती, साखर अठ्ठावन्नवर आली होती म्हणे. पाणी प्यायलो, बरा झालो, विषय संपला.

ते पीस? गेले ना पॅकिंगला. ओकेचा शिक्का होता त्यांच्यावर. तासाला चारशे होतात.

हो. ब्रेकचेच.

तो टेबलावरचा फोन द्या जरा. — हॅलो, डिस्पॅच? क्वालिटीतून विलास. बुधवारचा लॉट गाडीत चढवू नका. — कधी निघाली? — मग वळवा तिला. चारशेच्या चारशे परत पाहिजेत. नाही, पार्टात काय खराबी आहे ते मला माहीत नाही, मी ते बघितलेलेच नाहीत. तसंच लिहा. माझं नाव घालून लिहा.

— पेन झाका, मॅडम. सही नकोय.